थुंबा ते श्रीहरिकोटा: रॉकेटच्या किनाऱ्यांवरून

मंगळवार, २२ नोव्हेंबर २०२२

इस्रोचं उपग्रह नेणारं रॉकेट पीएसएलव्ही-सी५४ शनिवारी, २६ तारखेला उडणार असं जाहीर झालं आणि पुतणीने श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीची नोंदणी सुरू होताच आम्हा दोघांची नावं टाकून दिली. ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तिला म्हटलं, शनिवारी श्रीहरिकोटा बघायचंच आहे, तर आठवडाभर आधी निघू. जिथून भारताचं पहिलं रॉकेट उडालं ते थुंबा बघू, मग कन्याकुमारीला वळसा घालून पूर्व किनाऱ्याने वर जाऊ. वाटेत महेंद्रगिरी लागतं, कुलशेखरपट्टणम लागतं. नकाशावर बोट फिरवलं तर देशाची अर्धीअधिक रॉकेटविद्या या एका किनारपट्टीवर बसलेली दिसते.

रत्नागिरीहून नेत्रावतीत बसलो ते आज संध्याकाळी तिरुवनंतपुरमला उतरलो. गाडीत आमची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. रॉकेट कसं उडतं हे पुस्तकात सापडतं, पण ते नेमकं इथूनच का उडवायचं, हे कोण आणि कशावरून ठरवतं? शाळेत भूगोल आणि पदार्थविज्ञान वेगवेगळ्या तासांना शिकलो. हा प्रवास त्या दोन तासांच्या मधल्या सुट्टीत बसणारा आहे.

बुधवार, २३ नोव्हेंबर

थुंबा शहराला लागूनच आहे. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या आत अर्थातच कुणालाही सोडत नाहीत. आपल्यासाठी उघडं आहे ते सेंट मेरी मॅग्डालिन चर्च, म्हणजे आताचं अवकाश संग्रहालय. पांढरं, बेताच्या आकाराचं, नारळींच्या सावलीत. १९८५ पासून इथे संग्रहालय आहे. त्याआधी मात्र हेच चर्च कार्यालय होतं आणि इथेच रॉकेटचे भाग जोडले जात. शेजारचं बिशपचं घरही कामासाठीच वापरलं गेलं.

आत शिरल्यावर पुतणी एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रह-वाहक रॉकेटच्या प्रतिकृतीकडे गेली आणि मी सायकलच्या फोटोपाशी थांबलो. हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: कॅरिअरवर रॉकेटचा टोकदार शंकू, एकाने हँडल धरलेलं, दुसऱ्याचा हात शंकूवर. मोठ्या आकारात पाहिल्यावर त्या दोघांच्या चेहऱ्यांवरची काळजी दिसते. शंकूला धक्का लागू नये म्हणून दोघेही किती जपून चालले आहेत! गरिबीचं कौतुक करायला हा फोटो वापरला जातो, ते मला पटत नाही. मला त्यात शिस्त दिसते. वाहन कुठलंही असो, आतलं उपकरण सुखरूप पोचलं पाहिजे, एवढंच त्या दोघांच्या डोक्यात असणार.

आता थुंबाच का? पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे चुंबकसूची जमिनीला समांतर राहते ती रेघ, या गावाच्या अगदी जवळून जातं. दिवसा सूर्याच्या किरणांनी वरची हवा आयनित, म्हणजे विद्युतभारित होते आणि साधारण १०० ते ११० किलोमीटर उंचीवर, चुंबकीय विषुववृत्ताच्या अरुंद पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जोरदार विद्युतप्रवाह वाहतो. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. जमिनीवरच्या चुंबकसूचीला त्याची चाहूल लागते, पण त्याच्या आत जाऊन मोजमाप करायचं तर अडचण होते. फुगे पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जात नाहीत आणि उपग्रह एवढ्या खाली टिकत नाही. मधल्या पट्ट्यात जाऊन काही मिनिटं मोजमाप करून खाली पडणारं साउंडिंग रॉकेट हाच एक मार्ग. म्हणजे जागा आधी आकाशाने ठरवली आणि मग माणसं खाली समुद्रकिनारा शोधत आली. केरळच्या किनाऱ्यावर फिरून ही जागा मुक्रर करणाऱ्यांत एकनाथ वसंत चिटणीस होते, आपल्या कोल्हापूरचे.

प्रश्न होता तो तिथे राहणाऱ्या कोळ्यांचा आणि त्यांच्या चर्चचा. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले, बिशपनी रविवारच्या प्रार्थनेला लोकांसमोर विषय ठेवला आणि लोकांनी होकार दिला, ही हकिकत कलाम नेहमी सांगत. वस्ती पल्लिथुरा भागात हलली, तिथे नवं चर्च उभं राहिलं. १९६२ साली घडलेली ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण किनारा सोडणं म्हणजे होडी ओढायची, जाळं सुकवायची, मासळी उतरवायची जागा सोडणं. मी स्वतः किनाऱ्यावरचा आहे, म्हणून मला त्या होकाराचं वजन कळतं.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी इथून पहिलं रॉकेट उडालं. नाइकी-अपाची हे रॉकेट अमेरिकेचं, आतलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं. पुढे सोव्हिएत संघाकडून हेलिकॉप्टर आणि मिन्स्क संगणक आला. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे तिन्ही देश एका कोळीवाड्यात एकत्र काम करत होते. २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना समर्पित केलं. १९६३ च्या त्या पहिल्या दिवशी रॉकेट लाँचरवर चढवताना हायड्रॉलिक क्रेनची गळती सुरू झाली आणि शेवटचं काम हातांनी रेटून करावं लागलं. संध्याकाळचीच वेळ का निवडली, हे पुतणीने मला समजावलं. सूर्य मावळल्यावर जमीन अंधारात जाते, पण शंभर-दोनशे किलोमीटरवर अजून ऊन असतं. तिथे सोडलेली सोडियमची वाफ त्या उन्हात नारिंगी चमकते आणि काळ्या पडत चाललेल्या आकाशात स्पष्ट दिसते. वेगवेगळ्या ठिकाणांहून तिचे फोटो काढले की ती कुठे, किती वेगाने सरकली हे कळतं, म्हणजेच तिथल्या वाऱ्याचा वेग हाती लागतो. केरळातल्या लोकांनी त्या संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी वरचा वारा पाहिला.

आज आम्ही इथे असायला आणखी एक कारण होतं. आरएच-२०० या छोट्या रॉकेटचं सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण आजच होतं. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद आत हजर होते. आम्ही कुंपणाबाहेरच्या वाळूत उभे राहिलो, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या मध्ये. आरएच-२०० म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाचं, साडेतीन मीटरच्या आसपास लांबीचं, शंभर किलोच्या घरातलं दोन टप्प्यांचं रॉकेट. कडाडल्यासारखा आवाज झाला, आम्ही मान वर करेपर्यंत माडांच्या शेंड्यांवर धुराची तिरकी रेघ उमटली होती आणि तिच्या टोकाला काहीच नव्हतं. सगळं मिळून काही सेकंद. पण ते वर सत्तर-ऐंशी किलोमीटरला पोचतं, तिथे धातूचे केसाएवढे बारीक तंतू सोडतं, ते तंतू वाऱ्यावर वाहत खाली येतात आणि रडार त्यांचा माग काढतं. आपल्या मॉन्सूनच्या वरच्या थरांतल्या वाऱ्यांचा अभ्यास अशा कितीतरी उड्डाणांवर उभा आहे. आजवर या जातीची सोळाशेहून जास्त रॉकेटं उडाली आहेत. त्यांच्या बातम्या होत नाहीत, आणि मला वाटतं संशोधनाचा खरा पाया तोच: तेच मोजमाप, त्याच ठिकाणाहून, वर्षानुवर्षं.

होड्यांपाशी एक पन्नाशीचे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. आखातात बरीच वर्षं काढल्यामुळे हिंदी चांगलं बोलत होते. जागा सोडलेल्या कुटुंबांपैकीच त्यांचं एक. उड्डाणाचं त्यांना काही अप्रूप नव्हतं. मी विचारलं, या सगळ्याचा तुम्हाला काही उपयोग होतो का? त्यांनी सुईवरची नजर न उचलता सांगितलं, ‘‘मासा कुठे आहे ते फोनवर येतं. वादळ कुठे आहे ते मात्र ओखीच्या वेळी आलं नाही.’’

ओखी म्हणजे २०१७ च्या नोव्हेंबर अखेरचं चक्रीवादळ. या किनाऱ्यावरचे किती तरी लोक त्यात परत आले नाहीत. नंतर खोल समुद्रात जाणाऱ्या होड्यांसाठी ‘नाविक’ या भारताच्या दिशादर्शक उपग्रहांवरून इशारा पकडणारी यंत्रं इस्रोने तयार केली आणि केरळात ती दिलीही गेली. ‘‘ते आधी व्हायला हवं होतं,’’ ते म्हणाले. मला त्यावर काही उत्तर सुचलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

दुपारी पुन्हा संग्रहालयात गेलो, कारण घन इंधनाचा भाग राहिला होता. १९६७ च्या नोव्हेंबरात इथून उडालेलं आरएच-७५ हे आपलं स्वतःचं पहिलं रॉकेट, जेमतेम ७५ मिलिमीटर व्यासाचं. त्याच वर्षी साराभाईंच्या बोलावण्यावरून वसंत गोवारीकर इंग्लंडमधली नोकरी सोडून इथे आले. आपल्याकडे त्यांना पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि पावसाच्या अंदाजाचे गोवारीकर म्हणून जास्त ओळखतात, पण त्यांची मोठी कामगिरी इथली, घन इंधनातली. घन इंधन म्हणजे ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि या दोघांना धरून ठेवणारा रबरासारखा चिकट पदार्थ. हे मिश्रण कवचात ओतायचं आणि मुरू द्यायचं. आत एखादा बुडबुडा किंवा बारीक चीर राहिली तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. एकदा पेटवलं की विझवता येत नाही. त्यामुळे सगळी अक्कल पेटवण्याआधी वापरावी लागते.

‘‘काका, हे बघा,’’ म्हणून पुतणीने मला एसएलव्ही-३ पाशी नेलं. बावीस मीटर उंच, सतरा टन वजन, आणि एवढ्या खटाटोपाने कक्षेत पोचवायचे फक्त चाळीस किलो. १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप अडकली आणि दिशा सावरणारा द्रव आधीच गळून गेला होता. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० ला त्याच आराखड्याच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. पुतणी बराच वेळ त्या दोन तारखांकडे बघत होती. चूक नेमकी सापडली म्हणजे सगळं बदलावं लागत नाही, हे तिला कॉलेजच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा तिथे पक्कं कळलं असावं.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

पहाटेच्या गाडीने नागरकोविल, तिथून भाड्याची मोटार. आरलवायमोळी खिंडीत शिरलो की डोंगरांच्या फटीतून वारा घुसतो आणि दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांचं रान सुरू होतं. डाव्या हाताला पश्चिम घाटाचं शेवटचं टोक, त्यात महेंद्रगिरी. त्याच्या पायथ्याशी इस्रोचं प्रोपल्शन संकुल आहे. रस्त्यावरून दिसतो तो फक्त डोंगर आणि एक फाटा. आत जाता येत नाही.

पण इथे काय चालतं हे माहीत असलं की नुसता डोंगर बघायलाही मजा येते. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात जे विकास इंजिन असतं, ते इथे जमिनीला जखडून चालवून पाहतात. गेल्या वर्षी १४ जुलैला गगनयानासाठी ते सलग २४० सेकंद चालवलं. उड्डाणात लागतं त्यापेक्षा जास्त वेळ, कारण पुढे त्यावर माणसं बसायची आहेत. शीत इंजिनांच्या चाचण्याही इथल्याच: द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश, द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३, आणि काही सेंटिमीटरवर हजारो अंशांची ज्वाला. असल्या कामाला वस्तीपासून लांब, डोंगराआडची जागा हवी. थुंब्याची जागा आकाशाने ठरवली, ही डोंगराने.

कावलकिनारूवरून समुद्राकडे वळलो. तिसैयनविळैच्या पुढे जमीन एकदम तांबडी होते. तेरी म्हणतात या लाल वाळूच्या टेकड्यांना. मी उतरून मूठभर वाळू हातात घेतली. पिठासारखी बारीक, आणि हात झटकल्यावरही बोटांच्या रेषांत लाली राहून गेली. त्यावर ताडच ताड. कोकणातल्या लाल मातीची सवय असलेल्या डोळ्यांनाही हा रंग वेगळा वाटला.

कुलशेखरपट्टणमच्या परिसरात देशाचा दुसरा उपग्रह-उड्डाणतळ होतो आहे. माधवनकुरिची, पडुक्कपत्तू, पल्लकुरिची या गावांची मिळून २,२०० एकरांहून जास्त जमीन त्यासाठी ठरली. आम्ही गेलो तेव्हा संपादन चालू होतं, बघायला नुसतं माळरान होतं. (पुढे २८ फेब्रुवारी २०२४ ला इथे पायाभरणी झाली आणि त्याच दिवशी इथून आरएच-२०० सोडण्यात आलं.)

इथे का, याचं उत्तर मोटारीच्या बॉनेटवर नकाशा पसरूनच द्यावं लागलं. पृथ्वीची पाहणी करणारे बरेच उपग्रह ध्रुवीय कक्षेत जातात, म्हणजे उत्तर-दक्षिण. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला सोडलं तर खाली श्रीलंका येते, आणि जळून रिकामे झालेले टप्पे कुणाच्या डोक्यावर पाडता येत नाहीत. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातो आणि बेटाला वळसा घालून मग दक्षिणेकडे वळतो. हवेत वळायला इंधन लागतं. पीएसएलव्ही मोठा आहे, त्याला ते पेलतं. पण एसएसएलव्हीसारख्या छोट्या रॉकेटची एकूण क्षमताच ५०० किलोच्या आसपास; त्यातला मोठा हिस्सा वळणात गेला तर उपग्रहाला उरणार काय? कुलशेखरपट्टणमच्या दक्षिणेला मात्र अंटार्क्टिकापर्यंत मोकळं पाणी आहे. श्रीलंका डाव्या हाताला राहते.

एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण याच ऑगस्टमध्ये फसलं होतं. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापकं क्षणभर आपल्या मर्यादेपलीकडे गेली. संगणकाने ती सगळीच बिघडली असा निष्कर्ष काढला आणि दुसऱ्या पद्धतीने यान चालवलं. उपग्रह ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या कक्षेत सुटले, आणि ७६ किलोमीटरवर हवा आहे, तिथे काहीच टिकत नाही. मोटर उत्तम, उपकरणंही धडधाकट, निवाडा तेवढा चुकला. पुतणीला ही हकिकत इतकी भावली की पुढचा तासभर ती त्याच गणितावर बोलत होती. (फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात ते दुरुस्त झालं.)

संध्याकाळी शेजारच्या मणप्पाडला गेलो. समुद्रात घुसलेल्या वाळूच्या टेकाडावर जुनं चर्च, खाली होड्यांची रांग. किनाऱ्यावरच्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना नव्या तळाबद्दल सगळं माहीत होतं आणि विचारायचं एकच होतं: उड्डाणाच्या दिवशी समुद्रात जाऊ देतील का, आणि नाही दिलं तर त्या दिवसाचं काय? आमचा ड्रायव्हर दुभाषा झाला होता. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पहिलं रॉकेट उडण्याआधी कागदावर असलं पाहिजे. कितीही मोठं काम असलं तरी एका बंद दिवसाची चूल कुणी पेटवायची, हे ठरवणं त्या कामाचाच भाग आहे. थुंब्याच्या होकाराची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती सांगायचा हक्क अशा ठिकाणीच टिकवावा लागतो.

रात्री तुतुकुडीहून पर्ल सिटी एक्स्प्रेस.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

चेन्नईत उतरून आंघोळ, न्याहारी, आणि सेंट्रलहून सुल्लुरुपेटाची लोकल. प्रवास कंटाळवाणा, पण सकाळी १० वाजून २६ मिनिटांनी साडेपंचवीस तासांचं काउंटडाउन सुरू झालं होतं, त्यामुळे आम्ही दोघंही मनाने आधीच पुढे पोचलो होतो. एवढे तास कशासाठी, असं डब्यातल्या एका काकांनी विचारलं. पुतणीने सांगितलं: पीएसएलव्हीत चार टप्पे, पहिला आणि तिसरा घन इंधनाचा, तो आधीच भरलेला, दुसरा आणि चौथा द्रव इंधनाचा, तो या तासांत भरायचा. भरताना दाब, तापमान, गळती, प्रत्येक झडप तपासत जायचं.

सुल्लुरुपेटात सगळी लॉज भरलेली होती. एका खानावळीच्या मालकाने माडीवरची खोली दिली.

गावात अजून आधीच्या शुक्रवारचीच चर्चा होती. १८ तारखेला स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचं विक्रम-एस इथून उडालं आणि ८९.५ किलोमीटरपर्यंत गेलं. भारतातलं पहिलं खासगी रॉकेट. आम्ही चेन्नईहून येत होतो त्याच शुक्रवारी बेटावर अग्निकुल या कंपनीच्या स्वतःच्या उड्डाणमंचाचं उद्घाटन झालं, हे मात्र घरी परतल्यावर कळलं. सरकारी केंद्राच्या आवारात खासगी मंच! मला यात काही वावगं वाटत नाही. रडार, सुरक्षित समुद्रपट्टा, चाचणीची साधनं हे सगळं उभं करायला देशाला साठ वर्षं लागली. चार तरुणांना ते वापरायला मिळालं तर ते साठ वर्षांचं चीज आहे. अट एकच, अपयशाची कारणं सरकारी केंद्र जशी जाहीर करतं तशी त्यांनीही करावी.

शनिवार, २६ नोव्हेंबर

सुल्लुरुपेटाहून बेटाकडे जाणारा रस्ता पुलिकत सरोवराच्या मधून जातो. दोन्हीकडे उथळ पाणी, आणि लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. आमच्या बसमधले सगळे एका बाजूला झुकले. श्रीहरिकोटा हे बेट निवडलं गेलं ते पूर्वेला मोकळा समुद्र आणि वस्ती विरळ म्हणून. तरीही विरळ म्हणजे निर्जन नव्हे. इथे यानादी आदिवासी राहत आणि त्यांना जंगल सोडावं लागलं. पूर्व किनारा हवा यामागे पृथ्वीचं फिरणं आहे. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि या अक्षांशावर जमीन स्वतःच सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने पळते आहे. पूर्वेला उडणाऱ्या रॉकेटला तेवढा वेग फुकट मिळतो. १९७१ च्या ऑक्टोबरात रोहिणी-१२५ हे छोटं रॉकेट उडवून या तळाचं काम सुरू झालं. २००२ पासून नाव इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचं.

ओळखपत्रं तपासून आम्ही गॅलरीत पोचलो. पायऱ्यांची उघडी बैठक, समोर झाडी, झाडीपलीकडे पहिला उड्डाणमंच आणि मोठे पडदे. शाळांची मुलं सर्वांत जास्त. माझ्या शेजारी नेल्लूरच्या एक शिक्षिका चाळीस मुलांना घेऊन आल्या होत्या आणि प्रत्येक घोषणेचा अर्थ तेलुगूत सांगत होत्या.

११ वाजून ५६ मिनिटं. आधी झाडांच्या वर पिवळा उजेड फुटला. रॉकेट मग वर आलं, अगदी निःशब्द. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, त्यामुळे तेवढा वेळ डोळ्यांना दिसतं आणि कानांना काहीच नसतं. मग आवाज आला. तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला, सलग, तडतडत, आणि खालच्या लोखंडी कठड्यावर ठेवलेला माझा हात त्याच तालात थरथरत होता. ३२० टनांचं यान ज्वाळेच्या दांड्यावर चढत होतं. पहिला टप्पा आणि त्याला बाहेरून जोडलेल्या सहा मोटरींपैकी चार जमिनीवरच पेटतात, उरलेल्या दोन पंचविसाव्या सेकंदाच्या सुमाराला हवेत. ‘‘पेटल्या!’’ पुतणी ओरडली. मला काही फरक कळला नाही, तिला मात्र ज्वाळेत कळला. मग धुराची वाट पूर्वेला न जाता आग्नेयेकडे झुकत गेली. गुरुवारी बॉनेटवर काढलेला वळसा आता आकाशात काढला जात होता.

सतरा मिनिटांनी, ७४२ किलोमीटर उंचीवर, मुख्य उपग्रह सुटला: ईओएस-०६, वजन १,११७ किलो. ओशनसॅट मालिकेतला हा तिसरा. पहिला १९९९ चा, दुसरा २००९ चा. याच्या कॅमेऱ्याला समुद्राचा रंग मोजायचा आहे. वनस्पती-प्लवंग जिथे दाट, तिथे पाण्यात हरितद्रव्य जास्त आणि पाण्याचा रंग बदलतो. दुसरं उपकरण पृष्ठभागाचं तापमान मोजतं. थंड आणि कोमट पाण्याच्या सीमेवर प्लवंग, त्यामागे छोटे मासे, त्यामागे मोठे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था या दोन नकाशांवरून मासळीचे संभाव्य पट्टे काढते आणि ते केरळपासून आमच्या मिरकरवाड्यापर्यंतच्या बंदरांवर कळवते. तिसरं उपकरण रडारसारखं, समुद्राच्या पृष्ठभागावरच्या लाटांच्या खडबडीवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा सांगणारं. चक्रीवादळ घडायला लागलं की त्याचा भोवरा इथे आधी दिसतो. पल्लिथुराच्या त्या गृहस्थांनी ज्या दोन गोष्टी सांगितल्या होत्या, मासा आणि वादळ, त्या दोन्हींसाठी हा उपग्रह आहे. किनारा दिलेल्यांचं देणं फेडायची ही एक रीत, आणि ती पुरी व्हायला इशारा होडीपर्यंत पोचावा लागतो. उपग्रह वर गेला म्हणजे अर्धं काम झालं.

गर्दी इथेच उठली. पण मोहीम संपली नव्हती. आठ छोटे उपग्रह अजून रॉकेटवरच होते आणि त्यांना सोडायचं होतं खालच्या, पाचशेवीस किलोमीटरच्या आसपासच्या कक्षेत. त्यासाठी यानाने छोटी थ्रस्टर चालवून स्वतःला तब्बल दोनशे किलोमीटर खाली आणलं. एकाच उड्डाणात दोन वेगळ्या कक्षा. माझ्या मते आजची खरी कसोटी ही होती आणि ती बघायला मैदानात फारसं कुणी नव्हतं. आठांपैकी एक भूतानसाठी बनवलेला, एक बंगळूरच्या पिक्सेल कंपनीचा ‘आनंद’, चार स्वित्झर्लंडच्या ॲस्ट्रोकास्टचे, आणि दोन हैदराबादच्या ध्रुव स्पेसचे थायबोल्ट, हौशी रेडिओवाल्यांचे संदेश साठवून पुढे पोचवणारे, हातात मावतील एवढे.

आम्ही बसमध्ये पुलिकतच्या मध्यावर असताना पुतणीच्या फोनवर बातमी आली. दोन तासांच्या आसपास सगळं मिळून लागलं, आठही सुटले. तिने लगेच वहीत थायबोल्टच्या कक्षेची उंची लिहिली, त्यावरून एका फेरीचा वेळ काढला, सुमारे पंचाण्णव मिनिटं, आणि रत्नागिरीवरून तो कधी जाईल याचं गणित मांडायला बसली. हॅम रेडिओच्या परवान्याची परीक्षा कुठे आणि कधी असते, हे तिने सुल्लुरुपेटा यायच्या आत शोधून काढलं होतं. फॉर्म भरायला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी तिने मला वाचून दाखवली आणि म्हणाली, ‘‘काका, तुम्हीपण भरा.’’ चेन्नईच्या लोकलमध्ये आम्ही दोघांनी मिळून पहिल्या धड्यातले मोर्सचे संकेत पाठ करायला घेतले.